हरवलेलं मेंढरू

नाना पेठ, पुणे
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५
संत मार्टिनचा सण

प्रिय सिल्लू,

ख्रिस्ताची शांती तुझ्या घरी असो. तुझ्या बायकोची, चैतालीची पाठ आता कशी आहे? आम्ही इकडे ठीक. बाबांचं खाणंपिणं माझ्यापेक्षा व्यवस्थित चाललं आहे. तू फोन उचलत नाहीस आणि मोबाइलवर पाठवलेलं वाचून गप्प बसतोस, म्हणून कागद घेतला. कागदावर निळ्या खुणा उमटत नाहीत, तेवढीच तुझी सोय.

आजचा दिवस तू विसरला नसशील. पहिल्या पगारातून घेतलेलं तुझं चामड्याचं जाकीट बाबांनी याच सणाला चर्चच्या फाटकापाशी बसलेल्या माणसाच्या अंगावर घातलं होतं. तू ताटावर बसून म्हणालास, "बाबा, संत मार्टिनने भिकाऱ्याला झगा अर्धाच कापून दिला होता. आणि स्वतःचा." खरं तर हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. नंतर तू लोणी काळभोरला बिऱ्हाड केलंस ते केलंसच. आज मी सणाचं नाव काढलेलं नाही आणि घरातल्या दोन्ही कात्र्या कपाटात ठेवून दिल्या आहेत.

त्याचं कारण सांगते. सकाळी दिवसाचं शुभवर्तमान वाचायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीतरी हातून घडवायचं, हा आपल्या घरचा नियम. जेवताना बाबा विचारायचे, "आज काय घडलं?" आणि आपण कुणाला पेन्सिल दिली, कुणाशी बट्टी केली, असं काहीतरी खपवायचो. आता त्यांच्या डोक्यातून वार गेले, घराचा पत्ता गेला, पण नियम शाबूत आहे. फरक इतकाच की आता ते वाचलेलं जसंच्या तसं करतात.

अक्षरं त्यांना लागत नाहीत, म्हणून वाचते मी. गेल्या सोमवारी होतं, मेजवानीला भाऊबंद नकोत, लंगडे-आंधळे बोलवा. मी भाजी फोडणीला टाकेपर्यंत बाबा पायाला प्लास्टर घातलेल्या एका गृहस्थांना घेऊन आले. ते बिचारे दवाखान्यात निघाले होते. जेवून गेले, वर भाजीत मीठ कमी म्हणाले. मंगळवारी पुढचा भाग होता, रस्त्यावर जा आणि लोकांना आग्रहाने आत आणा. त्या दिवशी कुकर किती वेळा लावला ते विचारू नकोस.

बुधवारचं मी वाचलंच नाही. बापाचा आणि आईचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असं होतं. ते मी भलत्याच मनापासून वाचलं असतं अशी भीती वाटली. त्याऐवजी एक स्तोत्र वाचलं. वाचनं अशी बदलते मी हल्ली. फादरांना सांगितलं तर ते म्हणाले, "चालेल, श्यामलाबाई, पण तुम्ही थोडी झोप काढा." झोप कुठून काढायची ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

गुरुवारी हरवलेलं मेंढरू होतं. नव्व्याण्णव रानात सोडून एकाला शोधायला जाणारा मेंढपाळ. मला वाटलं, यात कसली आली आहे जोखीम? वाचलं, आणि धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली आले तर दार सताड उघडं आणि बाबांच्या चपला नाहीत.

खरं सांगते सिल्लू, पहिल्यांदा मला काळजी वाटलीच नाही, राग आला. म्हटलं, निघाले लाडक्याला शोधायला. त्यांना न्हाऊ-माखू घालायचं, रात्री चार वेळा उठवायचं, ते मी. आणि मेंढरू तू. रिक्षा केली आणि लोणीची बस जिथे थांबते त्या थांब्यावर गेले. बाबा तिथे नव्हते. दोन बसमध्ये चढून बघितलं. मग मात्र राग विसरले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटले.

तेवढ्यात मंडईतल्या गोदाबाईंचा फोन आला. आपण वर्षानुवर्षं मेथी घेतो त्या. म्हणाल्या, "ताई, बाबा इथं हायेत. मघापासून पोरगी शोधत्यात."

गेले. बाबा गाळ्यागाळ्यापुढे थांबून विचारत होते, "आमची श्यामला दिसली का हो? हिरवा फ्रॉक आहे अंगात." लहानपणी मी एकदा तिथे त्यांचं बोट सोडलं होतं, आठवतं तुला? कांद्याच्या पोत्यांमागे सापडले होते.

मी म्हटलं, "बाबा, मीच श्यामला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "नाही हो बाई. आमची हसरी आहे. तुम्ही फार दमलेल्या दिसता."

मी विचारलं, "आणि सिल्वेस्टर?"

"तो घरीच आहे. त्याची काळजी नाही. ही एकटी सापडत नाही."

मग काय करणार? त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघांनी मिळून मला शोधलं. अख्खी मंडई फिरलो, कांद्याच्या पोत्यांमागेही पाहिलं. जेवताना मी विचारलं, "आज काय घडलं?" तर म्हणाले, "शोधली. मिळाली नाही."

ते मला ओळखत नाहीत, हे तुला इतके महिने सांगितलं नाही. लिहायला घेतलं की बाकीच्या बातम्या सुचायच्या. घरात कुणी बाई कामाला आहे असं ते धरून चालतात. आज वाचनात होतं, शेतातून दमून आलेल्या नोकराला धनी म्हणतो, आधी मला वाढ, मग तू जेव. ऐकून बाबा मला म्हणाले, "बाई, तुम्ही चहा घेतलात का?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. चहाही घेतला.

तू त्यांचं करायला ये, असं मी म्हणत नाही. आजवर जे मागितलं ते त्यांच्यासाठी, आणि तू आला नाहीस. आता माझ्यासाठी मागते. तुझा पहिल्या कम्युनियनचा फोटो ते रोज पाहतात, तुला ओळखतील. शनिवारी सकाळी मंडईत गोदाबाईंच्या गाळ्यापाशी ये. मी त्यांना घेऊन येते. तू फक्त माझ्या खांद्यावर हात ठेव आणि त्यांना सांग, "बाबा, ही बघा श्यामला, सापडली." माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

एकदा मलाही ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं आहे.

वाट पाहते.

तुझी, अजून न सापडलेली,
श्यामलाताई