साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत

आई,

तुझ्याशी भांडायचं राहून गेलंय. तू होतीस तेव्हा आपल्या घरात भांडणाची पद्धतच नव्हती. बाबा सकाळीच ओझरच्या कारखान्याची बस पकडायला निघायचे, तू कॉलेजात शिकवायला जायचीस, आणि संध्याकाळी आपण तिघं इतके समजूतदार असायचो की घरात आवाज चढायचा तो फक्त कुकरचा. तुला जाऊन आता आठ-नऊ वर्षं होत आली. बाबांनाही ऐकवणार नाही असं काहीतरी आज तुला ऐकवायचंय, आणि ते तुझ्या त्या लाडक्या विद्यार्थिनीबद्दल आहे. परवा ती घरी येऊन गेली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी बारावीत होते. नामपूरची, एमएस्सीला तुझ्या हाताखाली आलेली, तेलाची घट्ट वेणी, आणि हातात गावाकडच्या कांद्यांची एवढी मोठी पिशवी. तू त्या कांद्यांचं कौतुक असं केलंस जणू आपण जन्मात कधी कांदा पाहिलाच नव्हता. "हिला ताई म्हणत जा," असं मला सांगितलंस. मी तिला ताई म्हटलं नाही. खरं तर काहीच म्हटलं नाही. दोन वर्षं नुसतं दारात उभं राहून "चहा झालाय" एवढंच भिंतीला सांगत आले. तिच्या ते लक्षात आलं असेल. तुझ्या नाही आलं.

त्या काळात कॉलेजातल्या कॉम्प्युटरसमोर रांग लागायची, म्हणून तू जुना एक विकत घेऊन हॉलच्या कोपऱ्यात मांडलास. टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला, आणि आपण घामाघूम. प्रोटीनच्या रचनांच्या फायली सीडीवर यायच्या. त्यात चित्रबित्र काही नसायचं, नुसते आकडे, रेणूतला एकेक अणू कुठे आहे ते सांगणारे. त्या आकड्यांवरून कोण कोणाला टेकलंय हे शोधून काढायचं, हेच तुमचं काम. मला तू ते कधी समजावलं नाहीस. तिला समजावलंस, तेही माझ्यासमोर, स्वयंपाकघरात. अजून दिसतं मला. मी पोळ्या लाटतेय, ती ओट्याला टेकून उभी आहे, आणि तू बोलता बोलता गळ्यातली काळी पोत काढतेस. "हे बघ, अमिनो आम्लांची साखळी म्हणजे ही अशी माळ. एकेक मणी म्हणजे एकेक रेसिड्यू. सरळ धरली तर हा मणी आणि तो मणी लांब. आता बघ." आणि पोत मुठीत चुरगळतेस. "आता ते दोघं अंगाला अंग लावून बसलेत की नाही? प्रोटीन घडी घालून असंच बसतं. आपण या टेकलेल्या जोड्या मोजायच्या." बाबा दारातून म्हणतात, "अगं, मंगळसूत्र आहे ते." तू म्हणतेस, "थांबा हो, महत्त्वाचं चाललंय." बाबा हसतात. ती हसते. माझी पोळी करपते, आणि त्याबद्दलही तू मला काही बोलत नाहीस.

मी ऐकत होते बरं का सगळं. दोन रेसिड्यूंमधले कुठलेही दोन अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले की ते टेकले असं धरायचं; मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. माळेत लागून असलेले मणी मात्र सोडून द्यायचे. "ते चिकटलेलेच असतात, त्यात कळण्यासारखं काय आहे?" असं तू तिला म्हणालीस. "जे माळेत लांब आहेत आणि तरी जवळ आलेत, तेच खरं सांगतात." त्या दिवशी मी जेवले नाही. मला वाटलं, हे तू माझ्याबद्दलच बोललीस. मी काय, लागूनच असलेली, पोटची, मोजायची गरज नाही. ती नामपूरहून एसटी बदलत आलेली, म्हणून तिची जवळीक खरी. एवढा राग आला होता की पोटभर रडताही येईना. आज हसू येतं म्हणावं, तर तेही नीटसं येत नाही.

पण तू तिचे लाड करायचीस म्हणून मी जळत होते असं कोणाला वाटेल. लाडाचं मला काही नव्हतं गं. तू तिला तुझा मोरपंखी स्वेटर दिलास, दिलास तर दिलास. खरी आग लागली ती एका सुट्टीच्या दुपारी. तिने लिहिलेला प्रोग्राम आठवडेच्या आठवडे जोड्या मोजत होता आणि तुम्ही दोघी खूश होतात. त्या दुपारी तू एका जोडीपाशी अडखळलीस. हे दोघं टेकतील कसे, घडी घातल्यावरही हा तर पार पलीकडच्या टोकाला आहे! फाईल उघडलीस. तिच्यात एकसारख्या दोन साखळ्या शेजारी शेजारी होत्या. रेसिड्यूंचे क्रमांक दोन्हींत तेच, फक्त पुढे एक अक्षर, एकीला ए आणि दुसरीला बी. तिच्या प्रोग्रामने क्रमांक वाचले आणि अक्षर वाचलंच नाही. एका साखळीतला मणी दुसरीतल्या मण्याला टेकला, तर तो एकाच साखळीतला हिशोब म्हणून धरला गेला. अशा किती फायली गेल्या असतील कोण जाणे.

चष्मा कपाळावर सरकवून तू जी काही सुटलीस! "दोन घरांतली माणसं एका घरात कोंबलीस तू! अक्षर कोणी वाचायचं? मी? डोळे कुठे ठेवले होतेस? मला वाटलं होतं, तू निदान आळशी नाहीस." बाबा पेपर मिटून आत निघून गेले. ती मान खाली घालून रडायला लागली आणि रडता रडता तिची गावची भाषा बाहेर आली. "मनं चुकनं, मॅडम. परत करस मी." "करशील तर काय! पहिल्यापासून. सगळं. आणि ते झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस," असं म्हणून तू उठलीस, आणि पाचच मिनिटांनी तिच्यासाठी सांज्याची बशी घेऊन आलीस. ती नाक ओढत सांजा खात होती. पडद्यामागे उभी राहून मी ते बघत होते, आणि आई, आयुष्यात मला कोणाचा इतका हेवा वाटला नाही. सांज्याचा नाही. त्या बोलण्यांचा.

कारण महिनाभरापूर्वीच माझा बारावीचा निकाल लागला होता. काय लागला होता ते तुला माहीत आहे. मी गुणपत्रिका घेऊन तुझ्यापुढे उभी राहिले. घरी येताना रिक्षात सगळी तयारी केली होती, तू असं म्हणशील, मग मी तसं म्हणेन, मग रडेन. तू गुणपत्रिका नीट घडी घालून परत दिलीस. "असू दे. कॉमर्सला जा, छान होईल तुझं." पाठीवरून हात फिरवलास आणि कॉम्प्युटरकडे गेलीस. छान झालं माझं. बँकेत आहे, ऑफिसर झाले, तक्रार कुठलीच नाही. पण तेव्हा एकदा तरी ओरडायचंस ना! पाहुण्यांच्या मुलीशी बोलतात तसं बोललीस. ज्याच्याकडून काही अपेक्षा असते त्याच्यावर माणूस चिडतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

तर परवा ती आली. आता दक्षिणेत कुठल्याशा विद्यापीठात शिकवते, नाशिकला व्याख्यान होतं. बाबांच्या पाया पडली, तुझ्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मी चहा टाकला आणि मनात म्हटलं, फोटोपुढेसुद्धा माझ्यापेक्षा हीच जास्त वेळ उभी राहते. मग तिने लॅपटॉप उघडला आणि तुमचं तेच प्रोटीन रंगीत करून गरागरा फिरवून दाखवलं. एका रेसिड्यूवर बोट ठेवलं की त्याच्या आसपासचे सगळे अणू उजळतात. "मॅडमना हे बघायला मिळायला हवं होतं," असं म्हणाली आणि तिचे डोळे भरले. माझे भरले नाहीत, तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते.

"मला जोड्या मोजून बघू दे," मी म्हटलं. "बघ ना, सोपं आहे," ती म्हणाली, अगदी गोड, लहान मुलाशी बोलावं तशी. मी एकेक मोजायला लागले. बारा सांगितल्या. ती वाकून बघायला लागली, चष्मा कपाळावर गेला, आणि तिचा आवाज एकदम चढला. "अगं, पानी कसाले मोजी राहिनी तू? हे लाल ठिपके पाण्याचे आहेत! पाणी काय त्या साखळीतलं आहे? डोळे उघडे ठेवून बघायचं की नाही माणसाने? पुन्हा मोज." बाबांनी पेपरातून मान वर काढली. तिने जीभ चावली, "सॉरी गं, विद्यार्थ्यांची सवय झालीय," म्हणाली. मी खाली मान घालून पुन्हा मोजलं, सात आल्या, बरोबर आल्या.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊस, तिचा स्वभावच तसा झालाय." मी बरं म्हटलं. त्यांना खरं सांगितलं नाही, तिला तर कधीच सांगणार नाही, आणि हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच तुला सांगते. पाणी मोजायचं नसतं, हे मला बारावीपासून ठाऊक आहे. मी ते मुद्दाम मोजलं.