तीनदा पुकारल्याशिवाय

८ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे आहोत तसे आहोत, तू जेवतेस की नाही ते कळव.

पत्र लिहितोय कारण फोनवर हे बोलता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात फोनवरचा शब्द न् शब्द आप्पांच्या पलंगापर्यंत जातो, आणि स्वतःविषयी चाललंय म्हटल्यावर ते भिंतीकडे तोंड करतात. अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्याने त्यांची वाचा नेली, उजवा हात नेला, कान मात्र शाबूत ठेवले. तुझी पत्रं मी त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचतो, तेवढी त्यांना आवडतात. तू जेवणाविषयी थापा मारतेस तिथे भुवई वर जाते.

तर बातमी ऐक, आवाज वाढलाय! उन्हाळ्यात नुसतं घशात घरघरायचं, आता चांगला खणखणीत निघतो. सगळ्यात जास्त सकाळी, सदरा घालताना. उजवा हात बाहीत सरकवला की असा मोठा आवाज काढतात की शेजारीण दार उघडून बघते. चाळीस वर्षं भाजी बाजारात लिलाव पुकारलेला गळा आहे, असा थोडाच गप्प बसणार! मी तर आता मुद्दाम सदरा काढून पुन्हा घालतो, म्हणजे तेवढाच दुप्पट सराव. मग छत्री, कप, किल्ली ही तू पाठवलेली चित्रं दाखवतो. त्या वेळी मात्र रुसल्यासारखे गप्प असतात.

स्पीच थेरपीच्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. तोच त्यांचा चित्रांचा फळा घेऊन. पाणी, पंखा, भूक, नको अशी चित्रं, आप्पांनी डाव्या बोटाने दाखवायची. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तुझा शोध त्यांना समजावून सांगितला. चित्राचं नाव मनात घेताना ज्याच्या मेंदूतला डावीकडचा तो कोपरा यंत्रात उजळलेला दिसतो त्याची वाचा परत येते, आप्पांचा उजळलाय, मग बोटाची सवय लावून जीभ आळशी कशाला करायची? बाई फळा काखेत मारून गेल्या.

तुझी भावजय म्हणते, आप्पांचा पहिला शब्द कुठला असेल यावर पैज लावू. मी म्हटलं, शिवी. बाकी दुकान ठीक. गावातल्या सगळ्यांना एकदम कमी दिसायला लागलंय, त्यामुळे चष्मे खपतायत.

कळावे. लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझा छोटू


१९ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतेय. चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि चारही वेळा उठले.

आधी हवापाणी. इथे थंडी हटत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरातल्या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे बाहेर ऊन पडलं तरी आम्हाला ते आत येणाऱ्यांच्या कोटाच्या खांद्यांवरूनच कळतं. मेंदूची चित्रं काढणारं यंत्र दिवसभर ठोठावत असतं. जेवते. भुवई खाली घ्यायला सांग.

आता मुद्द्याचं. आमचा तो शोध खरा नाही, छोटू.

नीट सांगते, कारण तू चिडणार आहेस आणि चिडायचंच तर समजून चीड. आम्ही झटका आलेल्या अठरा माणसांना यंत्रात झोपवलं, चित्रं दाखवली, मनात नाव घ्यायला सांगितलं. ज्यांच्या मेंदूचा डावीकडचा एक कोपरा जास्त उजळला, त्यांचीच वाचा लवकर परत आली. कागदावर अठरा ठिपके काढले तर सुरेख चढती रेघ निघाली. ते छापून आलं, लोकांनी वाखाणलं, मला ही नोकरी मिळाली. आता कितीतरी इस्पितळांनी मिळून तेच सहाशेहून जास्त माणसांवर करून पाहिलं. काही नाही. कोपरा उजळलेले बोलले तसे मुकेही राहिले, न उजळलेले मुके राहिले तसे बोललेही. मेंदूच्या चित्रात हजारो कोपरे असतात. माणसं थोडी घेऊन इतक्या ठिकाणी शोधलं की कुठेतरी काहीतरी जुळतंच, आणि तो योगायोग नियमासारखा दिसतो. हे आम्ही शिकवतो, दर वर्षी, नव्या मुलांना.

आणखी एक आहे. चार वर्षांपूर्वी, पहिल्या झटक्यानंतर, आप्पांना मी यंत्रात झोपवलं होतं ते आठवतं? माणसं मिळत नव्हती, यंत्राचे तास मोजून मिळायचे, म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापल्या नात्यागोत्यातले आजारी गोळा केले. सगळ्याच प्रयोगशाळा करतात तसं. आप्पा तेव्हा तीन आठवड्यांत बोलायला लागले होते आणि त्यांचा कोपरा सगळ्यांत जास्त उजळला होता. त्या अठरांत सगळ्यात वरचा, रेघेच्या टोकाचा ठिपका आप्पांचा आहे. काल मी तो एकच ठिपका काढून बघितला. रेघ आडवी झाली.

म्हणजे आप्पा बोलले म्हणून रेघ चढली, आणि रेघ चढते म्हणून आप्पा बोलतील असं मी तुला सांगितलं. नुसतं गोल गोल फिरले रे मी.

बाईंना बोलाव. फळा घे. आणि हे पत्र आप्पांना वाचून दाखवू नकोस.

कळावे. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी ताई


२ मार्च

ताईस,
नमस्कार.

वाचून दाखवू नकोस हे पहिल्या ओळीत लिहायची अक्कल तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला नसावी? मी नेहमीसारखा उशाशी बसून वाचत होतो. थंडी, तळघर, भुवई. आप्पा खुशीत होते. मग शोध खरा नाही ही ओळ दिसली. मी ती गिळली आणि पुढचं मनानेच रचलं. तुला बढती मिळाली, नवीन पडदे घेतलेस, असलं काहीतरी. माझी थाप आप्पांनी पकडली नाही असं जन्मात झालेलं नाही. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

अठरा! अगं, तुझा बाप कोबीचं पोतंसुद्धा तीनदा पुकारल्याशिवाय कुणाच्या गाडीवर चढवू द्यायचा नाही. एक वार, दोन वार, तीन वार. गिऱ्हाईक घाईने ओरडलं तरी थांबायचा. पहिल्या हाकेला उतावळे बोलतात, खरा भाव तिसऱ्या हाकेनंतर कळतो, हे तुझ्यासमोरच किती वेळा सांगितलंय त्यांनी. आणि त्यांची मुलगी एका हाकेत सौदा पक्का करून मोकळी होते, तोही बापाचाच माल पुढे करून.

मला ते ठिपके कळत नाहीत आणि कळून घ्यायचे नाहीत. मला आवाज कळतो. तो माझ्या कानासमोर रोज वाढतोय. तुझे सहाशे लोक माझ्या घरात राहत नाहीत. मी फळा आणणार नाही. फळा आणला म्हणजे ते बोलणार नाहीत हे मी त्यांच्या तोंडावर सांगितल्यासारखं होईल, आणि ते माझ्याच्याने व्हायचं नाही. तुझी भावजय माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीये, तीही तुझ्याच बाजूची.

लोभाचं पुढच्या वेळी बघू.
छोटू


१० मार्च

चि. छोटूस,
आशीर्वाद. तू शिव्या दिल्यास ते बरं केलंस. इथे सगळे फार गोड बोलतात.

आमचे सर म्हणाले की घाबरण्यासारखं काही नाही, आणखी संशोधनाची गरज आहे असं एक वाक्य घालू. मी म्हटलं, लेखच मागे घेऊ. ते म्हणाले, मग तुझ्यापाशी उरतं काय? खरंच काही उरत नाही. माझ्या टेबलासमोर त्या कोपऱ्याचं मोठं चित्र लावलेलं होतं, शेंदरी ठिपक्याचं. ते काढलं तर मागची भिंत तेवढीच पांढरी निघाली. मी दिवसभर तिच्याकडे बघते. काम सुचत नाही. तुझ्यासारख्या किती घरांनी माझा लेख ऐकून फळा परत पाठवला असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघतच नाही.

आवाज वाढलाय म्हणतोस. छोटू, मीही त्या ठिपक्यांकडे तुझ्यासारखीच बघत होते. हवं ते दिसत होतं आणि मी खूश होते. तो आवाज शब्दाचाच आहे हे तुला कुणी सांगितलं? चित्रं दाखवताना येत नाही आणि सदरा घालताना येतो, असं तूच लिहिलंयस. त्या ओळीवर माझं बोट अडकलंय. बाहीत हात घालताना काय होतं?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ठेवावा असं मी काही केलेलं नाही. आप्पांना विचार. त्यांना एकदा तरी विचार, आणि उत्तर देता येईल अशी सोय कर. पाया पडते तुझ्या, मोठी असून.

तुझा लोभ परत मिळेपर्यंत,
ताई


२३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. राग गेला. त्याच्या जागी जे आलंय त्यापेक्षा राग बरा होता.

फळा आणला. मी नाही, तुझी भावजय जाऊन घेऊन आली, बाईंनाही घेऊन आली. बाई वाईट नाहीत गं, मागचं काही काढलं नाही त्यांनी. पलंगावर आप्पांना टेकून बसवलं, फळा मांडीवर ठेवला, एकेक चित्र समजावून सांगितलं. आप्पांना समजावायची गरजच नव्हती. बाईंचं बोलणं संपायच्या आत त्यांचं डावं बोट निघालं आणि एका चित्रावर जाऊन बसलं. चित्रात तोंड वाकडं केलेला माणूस आहे. खाली लिहिलंय, दुखतंय.

मला वाटलं बोट चुकून पडलं. एकदा पडलं म्हणजे काय, तू म्हणशील. म्हणून बाई गेल्यावर मी ते चित्र काढून दुसऱ्या टोकाला लावलं आणि पुन्हा विचारलं. बोट शोधत शोधत तिकडे गेलं. संध्याकाळी चित्रांची पार उलटापालट केली आणि तिसऱ्यांदा विचारलं. आप्पा माझ्याकडे बघतच होते, त्यांना कळलं होतं मी कुठल्या हिशेबाने विचारतोय. पुन्हा तेच चित्र. मग त्यांनी ते बोट उचलून स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवलं.

डॉक्टर येऊन बघून गेले. लुळा पडलेला हात आपल्याच वजनाने खांद्यातून निखळत आलाय, उन्हाळ्यापासूनच असावा. तेव्हाच कळलं असतं तर आधार बांधून निभावलं असतं, आता सांधा धरलाय. बाही चढवताना तो हात वर खेचला की जीव जाईल इतकं दुखत असणार, म्हणाले. आणि दिवसातून किती वेळा कपडे बदलता असं त्यांनी सहज विचारलं.

मी रोज दोनदा घालत होतो, ताई. शाबास शाबास म्हणत.

आता पुढून बांधायचा, बिनबाह्यांचा सदरा शिवून घेतलाय. तो घालताना आप्पा अजिबात आवाज करत नाहीत. घर एकदम शांत झालंय. शेजारीण विचारत होती, बरे आहेत ना.

काल रात्रीच्या औषधानंतर मी आप्पांना विचारलं, हे ताईला कळवू का? बोट नको वर गेलं. जरा थांबून पुन्हा विचारलं. नको. आज सकाळी तिसऱ्यांदा विचारलं, तर त्यांनी फळा घट्ट धरला आणि त्याच चित्रावर बोट दाबून ठेवलं, मी मान डोलावेपर्यंत.

मी मान डोलावली. आणि दुकानात येऊन तुला लिहायला बसलो, कारण हे एकट्याला पेलत नाही.

निघून ये. आल्यावर तुला काही माहीत नाही असं दाखव. त्यांना ते कळेलच, पण तू दाखव.

लोभ आहे, तुझ्यावर अजून आहे. माझ्यावर ठेवता येतो का बघ.
तुझा छोटू