नापास साडी

धंतोली, नागपूर
३ फेब्रुवारी १९८२

प्रिय बाबा,

तुमची एक साडी मी काल नापास केली. सोसायटीचे चिटणीस रुपराव सोमवारी तसं सगळ्या विणकरांसमोर वाचून दाखवतीलच. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले.

उमरेडचा गठ्ठा तपासणीला माझ्याच टेबलावर येतो, हे तुम्हाला माहीत आहे. सरकारी स्वस्त साडीचा नमुना ठरलेला आहे. जाड सूत, एक रंग, साधा सरळ काठ. त्याहून वाईट चालत नाही आणि त्याहून वेगळंही चालत नाही. तुमच्या मागाची चिठ्ठी लावलेल्या साड्यांत मधेच एक निघाली, तिला दोन्ही बाजूंनी लाल करवती काठ, करवतीसारख्या दातांचा. गठ्ठे सोडणारे आमचे ओमप्रकाश ती उलगडून धरत म्हणाले, "मॅडम, हे तर लग्नातली निघाली जी." मी नापासचा शिक्का मागितला, तर ते देईनात. "एवढी चांगली साडी? काहून पण?" नमुन्यात बसत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग नमुन्यालेच नापास करा ना." मी हसले नाही. शिक्का मारला.

हे तुम्हाला कठोर वाटेल की योग्य, मला ठरवता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा, हे मी तुमच्याकडूनच शिकले. सोसायटी निघण्याआधी तुम्ही मला बरोबर घेऊन इतवारीतल्या शेठच्या पेढीवर यायचात. तो साडी उन्हाकडे धरायचा, नसलेला दोष शोधायचा आणि मजुरी कापायचा. पावसाळ्यात मागणी नाही म्हणून सूतच द्यायचा नाही, आणि आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. सोसायटीचं सूत पहिल्यांदा घरी आलं त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आता शेठच्या तोंडाकडे पाहा लागत नाही, पोरी." समाजवाद हा शब्द मी नंतर भाषणांतून पुष्कळ ऐकला. मला त्याचा अर्थ विचारला, तर मी अजूनही हेच वाक्य सांगेन. आता माग बाराही महिने चालतो. विधवा सिंधूताईंना पुरुषांएवढीच मजुरी मिळते. माझ्या पदविकेची फी सरकारने भरली. मागच्या महिन्यात मी भिवापूरला गेले होते, तिथे मिरची तोडणाऱ्या बायांच्या अंगावर आपल्याच साड्या होत्या. धडक्या, न फाटलेल्या. ते पाहून बरं वाटलं.

पण मी रोज गोदामातही जाते. यंदाचा रंग कुठल्यातरी कचेरीत बसून कुणीतरी ठरवला, शेवाळी. तो बायांना आवडत नाही, म्हणून साड्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या आहेत आणि तरी त्याच रंगाच्या साड्या विणणं चालू आहे. गोपाळराव तिरपा काठ विणतात, तुम्ही सरळ विणता, मजुरी एकच. शेठ लबाड होता, पण करवतीचा दात कुठे चुकला हे त्याला कळायचं. चांगला दात आला की एखादा शब्द बोलायचा. आमच्याकडे तो शब्द बोलायची सोय नाही. करवतीला मागावर दोघं लागतात; साध्या काठाला पलीकडे बसून धोटा फेकणारं माणूस लागत नाही, म्हणून तुमच्या मागावरची ती दुसरी जागा रिकामी झाली. लहानपणी मी तिथे बसायची. गेल्या दिवाळीला तिथे कांद्याची टोपली ठेवलेली दिसली.

पण टोपलीपेक्षा मला दुसरीच भीती होती, तुमच्या डोळ्यांची. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, पैसा लागला नाही, डॉक्टरही चांगले होते. पट्टी सोडल्यावर त्यांनी बोटं दाखवली, ती तुम्ही बरोबर सांगितलीत. पण बोटं दिसणं वेगळं आणि सुताचा धागा दिसणं वेगळं. मी विचारलं तेव्हा "दिसते ना" एवढंच म्हणालात. साधा काठ तर तुम्ही डोळे मिटूनही विणाल, त्यावरून मला काहीच कळत नव्हतं. दर गठ्ठ्यात मी तुमच्या साड्या आधी काढायची आणि काही न कळता परत ठेवायची. तुमच्या पत्रांत पाऊस, म्हैस, रुपरावांची भाषणं, सगळं असायचं. डोळ्यांचं नाव नाही.

म्हणून काल शिक्का मारायच्या आधी मी साडी खिडकीपाशी नेली आणि सुताचे धागे मोजायचं भिंग लावून दोन्ही काठ पदरापर्यंत पाहिले. डाव्या काठाचा एकही दात चुकलेला नाही. तिथे तुमचा हात होता. मग मी भिंग खाली ठेवलं आणि शिक्का मागितला.

सोमवारी रुपराव विचारतील तेव्हा हाताच्या सवयीने चूक झाली असं तुम्ही सांगाल, आणि ते खरं मानतील. मी मानत नाही. हा गठ्ठा कुणाच्या टेबलावर उघडतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. नापास माल आम्हाला विकत घेता येतो, त्यामुळे साडी आता माझ्याकडे आहे. करवतीसाठी निदान एक माग वेगळा ठेवावा, असा शेरा मी वरच्या साहेबांकडे दिला आहे. ते काय करतील ते करोत. तुम्ही मला डोळ्यांबद्दल जे लिहिलं नव्हतं ते पोचलं, एवढं कळवायला हे पत्र. उजव्या काठाचे दात मात्र जरा सैल आहेत, म्हणजे टोपली उचलून तिथे आई बसली होती. तिला सांगा, तपासणीत सापडलीस. पुढच्या रविवारी पहिल्या एस.टी.ने येते. त्या बाजूला मी बसेन.

तुमचीच,
प्रेमिला