बसून दादा, उभं राहून मी

माय,

कारखान्यात नवीन पोरी आल्या की त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे असतं. करमाडच्या अलीकडे, शेंद्र्याला आहे आमचा कारखाना. गाड्यांच्या दिव्यांवर बसणारी भिंगांची पानं तिथे तयार होतात. पोरींना आधी मी देवाचं एक छोटं कार्ड दाखवते, हलवलं की गणपतीची लक्ष्मी होते तसलं. काल एकीनं विचारलं, "ताई, एका कागदावर दोन देव कसे बसत्यात?" मी म्हटलं, नख फिरव. खर्र वाजलं. त्या प्रत्येक रेघेत एक लांबट भिंग असतं, एकाला एक खेटून. दोन्ही चित्रांच्या केसाएवढ्या पट्ट्या करायच्या, एक याची एक त्याची अशा छापायच्या, आणि प्रत्येक भिंगाखाली दोघांची एकेक पट्टी येईल असं वर प्लास्टिक चिकटवायचं. रेघा आडव्या असल्या तर खालून बघणाऱ्याला भिंग वरची पट्टी मोठी करून दाखवतं, वरून बघणाऱ्याला खालची. पोरगी म्हणाली, "मंग दोघं संगं कधीच दिसत नाय?" माल चांगला असेल तर नाही, असं मी सांगितलं आणि चहाला उठून गेले. तुझी आठवण आली होती. ती काही गोड नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

पिशोरला गावी आपण तिघंच, तू, दादा आणि मी. बाबा मी पाळण्यात असतानाच गेले. त्या दुष्काळात विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरावं लागायचं, आणि घरात सगळ्यात हलकी मी, म्हणून तू मला दोर बांधून खाली सोडायचीस. त्या दिवशी मी भोकाड पसरलं. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिला, मी जातो." तो खाली वाटी घासत असताना वरून कड ढासळली. एवढंच झालं, माय. पण गाव सोडून शहरात, मुकुंदवाडीला राहायला आल्यावर जो भेटायला येईल त्याला तू सांगायचीस, "पाळी हिची व्हती. गेला तो." मी तिथंच बसलेली असायचे. साखर कमी पडली का विचारावं, तसं तू ते सहज बोलायचीस आणि कप पुढे करायचीस. दोर कोणाच्या हातात होता, हे मात्र कोणाला सांगितलं नाहीस.

मग गुलमंडीजवळ त्या फोटोवाल्याकडे गेलीस, दादाचा जत्रेतला फोटो घेऊन. त्याच्याकडे नवीनच आलेलं, त्या देवांच्या कार्डासारख्या फोटोचं काम तुला हवं होतं. तो म्हणाला, "इसकू दूसरा फोटू भी होना अम्मा, एकीच से क्या होता?" तेव्हा कुठे तू माझ्याकडे बघितलंस. भाजीवर कोथिंबीर फुकट मिळते, तशी मी त्या फोटोत गेले. फोटो तयार झाल्यावर त्यानं भिंतीला लावून दाखवला. "बैठ के देखे तो बेटा दिखता, खड़े होके देखे तो बेटी." तू तिथल्या तिथं फरशीवर बसलीस. म्हणालीस, "मंग बसूनच बघीन मी."

आणि तसंच केलंस. निवडणं, टिपणं, जेवणं, सगळं त्या भिंतीसमोर, खाली बसून. उभी राहिलीस की पाठ फिरवायचीस. मी एवढीशी होते, मला उभं राहूनही दादाच दिसायचा. "माय, मी कुठंय?" विचारलं तर म्हणालीस, "वाढ की. त्याला वाढू दिलं नाय, तू वाढ." एकदा मी पाण्याच्या ड्रमवर चढले. टँकर आठवड्यानं यायचा, आणि त्या झाकणावर माझे मातीचे पाय. पण मी दिसले! लाल रिबीन, थोडे पुढे आलेले दात, मीच. मी टाळ्या वाजवल्या. तू पाठीत असा धपाटा घातलास की मी फरशीवर आले, आणि खालून पुन्हा दादा हसत होता. उन्हाळ्यात पत्रा तापला की प्लास्टिक फुगायचं, छापलेल्या पट्ट्या जागच्या जागी राहायच्या आणि भिंगं सरकायची. मग माझ्या तोंडावर त्याचे डोळे यायचे. मला ते आवडायचं. तू म्हणायचीस, "त्याचे डोळे तुला शोभत नाय."

मला एवढंच हवं होतं की तू एकदा उभी राहून बघावंस. कारखान्यात लागल्यावर मी तुला एक पान आणून दाखवलं होतं, सीताफळाच्या पाठीसारखं, बारीक बारीक फुगीर भिंगांचं. तुला सांगितलं, दिव्याचा उजेड मध्ये जास्त आणि कडेला कमी असतो, तर हे एकेक भिंग आपल्या वाट्याचा उजेड सगळ्या जागेवर पसरतं, आणि सगळ्यांचा मिळून सारखा होतो. तू पान हातातही घेतलं नाहीस. "उजेड काय वाटती, पाणी वाट," म्हणालीस.

तुला लकवा मारला तेव्हा पुन्हा दुष्काळच होता, आणि मुकुंदवाडीत इमारतींचे चार-चार मजले चढत होते. तू खाटेवर. बोलणं गेलेलं, एक हात तेवढा चालत होता. मी खिळा उपटला आणि फोटो तुझ्या पायांकडच्या समोरच्या भिंतीवर ठोकला, फरशीपासून वीतभर वर. माझा तर धंदाच हा, कुठून काय दिसतं ते मला कळतं. खाटेवरून, म्हणजे फोटोच्या वरून, तुला आता मीच दिसणार होते, दिवसभर, लाल रिबीन लावून. तू डोळ्यांनी नको नको केलंस. मी म्हटलं, "बघ की. वाढले मी." शपथेवर सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुपारी पाळी संपवून आले तर तू खाली होतीस. एका हाताच्या बळावर खाटेवरून कशी उतरलीस, देव जाणे. गाल फरशीला टेकलेला, डोळे उघडे, अंग गार. शेजारणीला हाक मारायच्या आधी मी तुझ्या बाजूला आडवी झाले आणि तुझ्यासारखाच गाल टेकवला. बाहेर रणरणतं ऊन होतं, पत्रा तापलेला होता. मला वाटलं होतं, निदान दोघं दिसू. एकटा दादा होता, स्वच्छ, हसरा.

हा कागद पाठवायचा कुठं? घडी करून फोटोच्या मागे सरकवीन. फोटो पुन्हा वर, जुन्या जागी आहे. कामावरून आले की मी ताट घेऊन त्याच्यासमोर खाली बसते, खुर्ची असूनसुद्धा. खरं सांगू, माय? मलाही तोच जास्त आवडतो.