हो राजा, हो

भातकुलीच्या माझ्या आईले दुबईहून संघपालचा जय भीम.

मी मजेत हावो. कॅन्टीनमध्ये वरणभात भेटते, काळजी करू नको. तुह्या गुडघ्याचं कसं हाय?

रविवारी सुटी होती म्हणून गोल्फची मोठी स्पर्धा पाहाले गेलो. बाबाचा आवडता खेळाडू, तो टीव्हीतला लंब्या, पुढं होता. मले तो पटत नाही. शेवटी शेवटी हमखास घाई करते. तशीच केली. चेंडू हिरवळीवरून थेट तळ्याकडं निघाला. खेळाडू मारते तेव्हा इथं कोणी खोकतही नाही. त्या शांततेत माह्या कानामागून आवाज आला, "हो राजा, हो."

बाबा बैल थांबवत तोच आवाज. टीव्हीतल्या चेंडूलेही ते असंच थांबवत, अन् आपण हसत होतो.

चेंडू उतारावर, पाण्याच्या काठाशी थांबला. लोकं टाळ्या वाजवून राहिले होते. मी मागं पाहिलं, तर नुसता हद्दीचा दोर अन् त्याच्यापल्याड रिकामी रेती.

लकवा मारल्यापासून बाबाच्या तोंडून शब्द नाही, हे मले माहीत हाय. रविवारी दुपारी ते काही बोलले काय? फोनवर इचारता येत नाही, ते बाजूलेच असते.

आज कामावर निघालो, अन् दारात पुन्हा तोच आवाज आला. माहे पाय जागीच थांबले. गाडी निघून गेली. हे पत्र उंबरठ्यावर बसूनच लिहून राहिलो.

बाबाले इचार, मानेनं तरी सांगतीन. पुढं काय हाय?

तुहा,
संघपाल