झाकलेला चौकोन

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? माझी लेक कॉलेजात जनुकं वाचायला शिकवते. परवाच्या तासाला मला वर्गात बसवून, तिने थुंकीतून तपासलेली माझीच जनुकं वेबसाइटवर चढवली. तिथे विस्मरणाच्या आजाराच्या निकालाचा चौकोन झाकलेला असतो. ज्याची जनुकं, त्यानेच उघडायचा.

"आजोबा, तो राहू द्या," एक मुलगी म्हणाली. मी क्रमिक पुस्तकाचं पान उलटावं तसा उघडला. त्यावरून आईचाच आजार मलाही होण्याची शक्यता बरीच आहे. मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन चहा प्यायलो.

लेक तुझीही थुंकी तपासायला मागेल. नको वाटलं तर सरळ नाही म्हण.

आईने शिकवलेली ती पावसाची कविता मात्र सगळी लिहून पाठव, मोठ्या अक्षरात. मला अजून पाठ आहे, तरी पाठव.

तुझा,
धाकटा