नावनमधला उलटा आकडा

नावन, आयर्लंड
२ फेब्रुवारी

प्रिय उल्हास यास बाळासाहेबाचा सप्रेम नमस्कार.

वहिनींचा दमा, तुझा मोतीबिंदू आणि तुमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, तिघांच्याही तब्येती सविस्तर कळव. आम्ही लेकाकडे ठणठणीत. शारदाला इथली थंडी सोसते, मला सोसत नाही, पण तसं कबूल करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तुझ्यापाशी मात्र एक कबुली द्यायची आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. (फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझं अवसान गळतं.)

तर ऐक. आपण दोघांनी बार्शीत उभी हयात वीज बोर्डाच्या तारांवरचे चोरटे आकडे काढण्यात घालवली. शिव्या खाल्ल्या, एका बहाद्दराने तर अंगावर कुत्रं सोडलं. आणि आता सत्तरीला टेकल्यावर मी स्वतःच आकडा टाकला! तोही उलटा. म्हणजे वीज चोरायची नाही, गुपचूप द्यायची. आमच्या लेकाच्या, मयूरच्या, चेरीवूड भागातल्या ऑफिसात एक यूपीएस भंगारात निघाला होता. त्याचा ट्रान्सफॉर्मर काढून घेतला, बागेतल्या शेडवर दोन सोलर पॅनेल ठोकले आणि तीन महिने खपून छोटासा ग्रिड-टाय इन्व्हर्टर बनवला. आपल्याकडच्या बॅटरीवाल्यासारखा हा नाही. हा उन्हाची वीज थेट घरच्या लाईनीत मिसळतो. लेझमीच्या पथकात नवा गडी घुसावा तसा त्याला आधी लाईनीचा ठेका धरावा लागतो. ठेका चुकला की फ्यूज उडतो. माझे सात उडाले, आणि दर वेळी शारदाची विजेची किटली बंद पडून माझ्या अख्ख्या नोकरीचा उद्धार झाला. घरी बनवलेलं यंत्र इथे कोण मंजूर करणार, म्हणून अर्जच केला नाही. ("अर्ज दिलाय, मंजुरी यायचीय," असं आकडेवाले आपल्याला सांगायचे ना, तेच मी मयूरला सांगितलं.) नात स्वराली तेवढी माझ्या बाजूची. मराठीत काहीही विचारा, उत्तर एकच, "इट्स ग्रँड, आजोबा." (इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक'.)

गेल्या मंगळवारी वादळ झालं आणि भर दुपारी आभाळ काळवंडून वीज गेली. इथे आल्यापासून पहिल्यांदा! काय आनंद झाला म्हणून सांगू! शारदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चला, दाखवा आता तुमचं यंत्र." अन् यंत्र आमच्याही आधी झोपलेलं. लाईन मेली की यानेही मरायचं, नाहीतर घरातली वीज उलटी तारेत जाऊन खांबावरचा माणूस मरेल. ती सोय मी मुद्दाम केली होती, फक्त घरात कुणाला सांगायची राहिली. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पण वायफाय नाही म्हणून मयूर खाली आला, मेणबत्तीभोवती बसून आम्ही भेंड्या लावल्या, आणि मला आपलं लोडशेडिंग आठवलं. अख्खी गल्ली ओट्यावर, कुणाचे शेंगदाणे कुणाच्या पदरात, आणि दिवे आले की पोरांचं ते "आलेऽऽ!" लोडशेडिंगच्या आठवणीने डोळ्यांत पाणी येईल, असं कधी वाटलं होतं का रे?

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या खांबावर लाईनमन चढताना दिसला. माझी ती सोय मी किटलीवर तपासली होती, माणसावर नाही. प्लग उपटला, यंत्र काखोटीला मारलं आणि सपाता घालून पावसात धावलो. खांबाखाली उभा राहून चक्क मराठीत ओरडलो, "उतर आधी! लाईन तपास!" मग तेच इंग्रजीत. तो शांतपणे वरून म्हणाला, की दोन्हीकडून अर्थिंग केलंय, उलटी वीज आली तरी जमिनीत जाईल, काळजी नको. मग खाली उतरून त्याने शारदाच्या हातचा आल्याचा चहा दोन कप घेतला, यंत्र उलटसुलट करून पाहिलं, कौतुक केलं आणि हे पुन्हा जोडायचं नाही म्हणून बजावलं. आपण लोकांना दम द्यायचो, त्यापेक्षा कितीतरी गोडीने.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
बाळासाहेब

ता. क. यंत्र पुन्हा जोडलेलं नाही. सध्या त्यावर लोणच्याची बरणी आहे. एप्रिलमध्ये बार्शीला येतोय, काय आणू ते कळव.

ता. क. (दुसरा) कबुली आकड्याची नव्हती. नव्वद साली तू खांबावर होतास, गिरणीवाल्याच्या जनरेटरची वीज उलटी आली आणि तुझी दोन बोटं गेली. जनरेटर चालू असल्याचं मला ठाऊक नव्हतं, असं मी चौकशीत लिहून दिलं. उल्हास, मी त्याचा आवाज ऐकला होता. मयूरच्या बारशाला पोचायची घाई होती, म्हणून "लाईन बंद आहे, चढ" म्हणालो. आणि तू आठवड्याने पट्टी बांधलेल्या हातात त्याच्यासाठी झबलं घेऊन आलास. एप्रिलमध्ये आधी तुझ्या दाराशी येईन. उघडायचं की नाही, ते तू ठरव.